माणूस परदेशातल्या ब्रांचला पाठवायचाय? इंट्रा-कंपनी ट्रान्सफर परमिट, पायरीपायरीने

साधारण असं होतं. मीटिंगमध्ये डायरेक्टर म्हणतात, अमुक माणसाला पुढच्या महिन्यात तिकडच्या ऑफिसला बसवा, तिकडे सगळं विस्कटलंय. सगळे माना डोलावतात आणि मग ते काम फिरत फिरत एचआरमधल्या कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडतं. बरीच वर्षं ते टेबल माझं होतं, म्हणून हे लिहायला बसलेय. पुढच्या महिन्यात होत नाही हे आधीच सांगून टाका, तीन-चार महिने धरा, आणि तिकडे ऑफिसच अजून उघडलं नसेल तर त्याहून जास्त.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. तुमचाच कर्मचारी, तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या ऑफिसमध्ये काही वर्षांसाठी कामाला जातोय, यासाठी बऱ्याच देशांनी वेगळा दरवाजा ठेवलेला असतो. १९९५ साली डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, सेवा व्यापाराचा करार लागू झाला त्यातही कंपनीअंतर्गत बदलीवर जाणारी माणसं हा वेगळा गट धरलेला आहे. अमेरिकेचा एल-१ व्हिसा तर त्याच्याही आधीचा, १९७० चा. कल्पना सोपी आहे, कंपनी आमच्या देशात पैसा आणतेय तर तिला चालवायला तिची चार मुरलेली माणसं येऊ द्या. म्हणून इथे बहुतेक ठिकाणी आधी स्थानिक माणूस शोधा, जाहिरात द्या हा प्रकार नसतो, आणि अमेरिकेत एच-१बी या साध्या वर्क व्हिसासारखी लॉटरीही नाही, वर्षाला इतकेच अशी मर्यादाही नाही.

पण ही सवलत तीन गोष्टींवर टिकून आहे: दोन्ही कंपन्या खरंच एकाच घरातल्या आहेत का, माणूस खरंच तुमचा जुना माणूस आहे का, आणि त्याचं काम खरंच इतकं मोठं किंवा इतकं खास आहे का. समोरचा ऑफिसर तुमच्या कंपनीला ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद आहेत, आणि सगळे कागद एकच गोष्ट सांगतायत का एवढंच तो बघतो. माझ्या बघण्यातल्या ज्या फाइली अडकल्या त्या बहुतेक इथेच, एक कागद एक सांगतोय आणि दुसरा दुसरंच.

आधी विचारा, हेच परमिट हवंय का?

ही पायरी सगळे वगळतात. पहिली शक्यता अशी की परमिटच लागणार नाही. आठवडाभर मीटिंगा, क्लायंटला भेटणं, स्वतः ट्रेनिंग घेणं एवढंच असेल तर बहुतेक देशांत बिझनेस व्हिजिटरवर भागतं. पण तिथे बसून रोजचं काम करायचं, टीम चालवायची, तर ते व्हिजिटरवर करू नका, "दोनच महिने तर आहेत" म्हणून तर अजिबातच नको. एकदा का विमानतळावर त्या माणसाला बाजूला घेऊन लॅपटॉप उघडायला लावला की पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर देत बसावं लागतं.

दुसरी शक्यता, साधा वर्क व्हिसाच बरा. इथे त्या माणसाला बोलावून सरळ विचारा, तुला तिकडे राहायचंय की परत यायचंय? ब्रिटनमध्ये हा रूट आता ग्लोबल बिझनेस मोबिलिटी, सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर या नावाने चालतो, ११ एप्रिल २०२२ ला तो जुन्या इंट्रा-कंपनी ट्रान्सफरच्या जागी आला, आणि त्यावर कितीही वर्षं काढली तरी तो रूट कायमच्या वास्तव्याकडे जात नाही. स्किल्ड वर्कर हा तिथला साधा वर्क व्हिसा मात्र जातो. मग चाळिशीतला, दोन मुलांचा माणूस पाच वर्षं तिथे घालवून हे कळल्यावर काय म्हणेल ते तुम्हीच समजा. उलट ब्रिटनच्या या बदलीच्या रूटला इंग्रजीची परीक्षा लागत नाही, स्किल्ड वर्करला ती अट आहे. अमेरिकेत गणित अजून वेगळं, एल-१ वर असताना ग्रीन कार्डची इच्छा असणं गुन्हा नाही, आणि मॅनेजर म्हणून एल-१ए वर गेलेल्याला पुढे ईबी-१सी ची, म्हणजे मॅनेजरांसाठीच्या ग्रीन कार्डची, वाट असते. देशागणिक हे बदलतं म्हणून आधी हे, मग बाकीचं.

पहिली पायरी: दोन कंपन्यांचं नातं कागदावर आणा

आई-कंपनी आणि तिची सबसिडरी, एकाच कंपनीची ब्रांच, किंवा एकाच मालकाच्या दोन बहिणी-कंपन्या, हे चालतं. डिस्ट्रिब्युटर, फ्रँचायझी, जुना क्लायंट, "आमचे तिकडचे पार्टनर" हे चालत नाही, लोगो सेम असला तरी. मालकी आणि ताबा या दोन शब्दांवर सगळं आहे. ५०-५० च्या जॉइंट व्हेंचरचं अमेरिकेत होऊ शकतं, दोघांकडे सारखा ताबा आणि सारखा नकाराधिकार आहे हे दाखवता आलं तर.

कागद कुठले: दोन्हीकडची नोंदणी प्रमाणपत्रं, शेअर रजिस्टर किंवा शेअर सर्टिफिकेट, ऑडिट झालेले हिशोब, टॅक्स रिटर्न, आणि कोण कुणाचं किती टक्के मालक आहे याचा एका पानाचा चार्ट. आता गंमत ऐका. आमच्या एका फाइलमध्ये चार्टवर सबसिडरीचं नवीन नाव होतं, शेअर सर्टिफिकेटवर जुनं, आणि ऑडिट रिपोर्टमध्ये जुनंच नाव पण स्पेलिंग वेगळं, आणि नाव बदलल्याचा ठराव कुणाच्या तरी कपाटात. आम्हाला माहीत होतं की तिन्ही एकच आहेत, ऑफिसरला कसं कळणार? सहा आठवडे गेले त्यात. म्हणून सेक्रेटेरियल टीमला पहिल्याच दिवशी कामाला लावा, नाव, पत्ता, टक्केवारी सगळीकडे जुळतेय का हे हातात पेन घेऊन बघा.

आणि हे नातं परमिट चालू असेपर्यंत टिकायला लागतं. मध्येच ती सबसिडरी विकली किंवा कुणात विलीन केली तर तिकडे गेलेल्या माणसाच्या परमिटचा पाया हलतो. कंपनीच्या खरेदी-विक्रीची चर्चा चालू असेल तर त्या टेबलावर इमिग्रेशनवालं कुणीतरी बसवा, वकील लोकांना हे शेवटच्या दिवशी आठवतं.

दुसरी पायरी: माणसाचे दिवस मोजा

प्रत्येक देशाला हवं असतं की हा माणूस आधीपासून तुमच्याकडे आहे. किती आधीपासून ते वेगवेगळं. अमेरिका आणि कॅनडा: मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष. जपान: बदलीच्या लगेच आधी सलग एक वर्ष. ब्रिटन: १२ महिने, पण वर्षाचा पगार ७३,९०० पौंड किंवा वर असेल तर ही अट सुटते. युरोपियन युनियनमध्ये २०१४ चं डायरेक्टिव्ह, म्हणजे सदस्य देशांना बांधणारा नियम, आहे, २०१४/६६, त्यात मॅनेजर आणि स्पेशालिस्टसाठी ३ ते १२ महिन्यांमधला आकडा प्रत्येक देशाने आपापला ठरवायचा, जर्मनीने सहा ठेवलाय, नेदरलँड्सने तीन. डेन्मार्क आणि आयर्लंड या डायरेक्टिव्हमध्ये नाहीत, त्यांचे नियम त्यांचे वेगळे, हे लोक हमखास विसरतात.

मोजताना चुकतं कुठे? एक, कॉन्ट्रॅक्टर म्हणून काढलेला काळ. माणूस तीन वर्षं तुमच्याकडे बसतोय पण पहिली दोन वर्षं पगार दुसऱ्या एजन्सीकडून, तर ती दोन वर्षं हिशोबात धरू नका. दोन, अमेरिकेच्या बाबतीत ते सलग वर्ष अमेरिकेच्या बाहेरचं हवं, मध्ये मीटिंगसाठी तीन आठवडे तिकडे जाऊन आला तर साखळी तुटत नाही पण ते तीन आठवडे मोजले जात नाहीत, म्हणजे वर्ष तीन आठवड्यांनी पुढे ढकललं. सतत ये-जा करणारा सेल्सवाला असेल तर हे दिवस जमून दोन-तीन महिने होतात. पासपोर्टचे सगळे शिक्के मागवा, एक्सेल करा, आणि मग तारीख ठरवा. तीन, लांब बिनपगारी रजा. ती मधे असेल तर लपवू नका, पे-स्लिपमध्ये ती दिसतेच.

पुरावा म्हणून अपॉइंटमेंट लेटर, पे-स्लिपा, टॅक्सचे कागद, आणि एचआरचं अनुभवपत्र. अनुभवपत्रावरचं पद आणि पे-स्लिपवरचं पद एकच आहे ना? सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कधीकाळी "सीनियर असोसिएट" टाकून ठेवलेलं असतं आणि अर्जात आपण "हेड ऑफ ऑपरेशन्स" लिहितो. अर्ज जायच्या आधी हे खुलाशाच्या पत्राने नीट करा.

तिसरी पायरी: मॅनेजर की स्पेशालिस्ट? खरी लढाई इथेच

बाकी सगळं कागद गोळा करायचं काम आहे, हमाली म्हणा हवं तर. ही पायरी मात्र डोक्याची आहे, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ढोबळ खोक्या तीन. मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जो माणसं किंवा एखादं महत्त्वाचं खातं चालवतो. स्पेशालिस्ट, म्हणजे ज्याच्याकडे कंपनीचं स्वतःचं असं ज्ञान आहे जे बाजारात सहज मिळत नाही. आणि काही देशांत, उदाहरणार्थ युरोपच्या डायरेक्टिव्हमध्ये, ट्रेनी. कुठल्या खोकीत बसवताय त्यावर मुदत ठरते: अमेरिकेत एल-१ए मॅनेजरला जास्तीत जास्त ७ वर्षं, एल-१बी स्पेशालिस्टला ५. कॅनडातही साधारण तसंच ७ आणि ५. युरोपात मॅनेजर-स्पेशालिस्ट दोघांना ३ वर्षं, ट्रेनीला १.

मग मोह होतो की सगळ्यांना मॅनेजर दाखवा, दोन वर्षं जास्त मिळतील. नका करू. मॅनेजर म्हणजे पदाचं नाव नव्हे. हाताखाली कोण आहे, त्यांना घेण्या-काढण्यात याचं म्हणणं चालतं का, आणि हाताखालची माणसं स्वतः पदवीधर प्रोफेशनल किंवा सुपरवायझर आहेत का, हे बघतात. पहिल्या पायरीवरचा सुपरवायझर, जो चार ऑपरेटरांवर नजर ठेवतो, तो अमेरिकेच्या हिशोबात मॅनेजर धरला जात नाही. हाताखाली एकही माणूस नसेल तरी फंक्शनल मॅनेजर म्हणून होऊ शकतं, पण मग ते काम कंपनीसाठी इतकं कळीचं कसं, त्यातले निर्णय कोण घेतं आणि रोजचं हातावरचं काम दुसरं कोण करतं, हे तिन्ही दाखवावं लागतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात वाईट, कारण छोट्या ब्रांचमध्ये खरं उत्तर "तोच करतो" असं असतं.

जॉब डिस्क्रिप्शन कसं लिहायचं ते माझ्या पद्धतीने सांगते. एचआरच्या फोल्डरमधलं तयार डिस्क्रिप्शन उघडूच नका. त्या माणसासोबत दोन तास बसा, आणि "तुझी जबाबदारी काय" असं विचारू नका, विचारा की मागच्या मंगळवारी सकाळपासून काय केलंस. मग बुधवारी. मग महिनाअखेरीला काय वेगळं असतं. कुठला निर्णय तू कुणाला न विचारता घेतोस, किती रकमेपर्यंत सही करतोस, तू पंधरा दिवस नसलास तर काय अडतं. तो बोलतो त्यातून पाच-सहा कामं निघतात, त्यांना वेळेची टक्केवारी लावा, प्रत्येकाखाली एक खरं उदाहरण द्या.

फरक बघा. "कंपनीच्या सर्व कामकाजाचे नियोजन, समन्वय व देखरेख करतात" हे वाक्य शाळेच्या हेडमास्तरांपासून गोडाऊन कीपरपर्यंत कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी "तिमाही उत्पादन आराखडा हे मंजूर करतात, तीन शिफ्ट मॅनेजर यांना रिपोर्ट करतात, त्यांची वार्षिक पगारवाढ आणि बदली यांच्या सहीने होते, यात आठवड्याचा साधारण ३० टक्के वेळ जातो" असं लिहिलं की चित्र उभं राहतं. सोबत ऑर्ग चार्ट दोन, इकडचा आणि तिकडचा, खोकीत नाव, पद, शिक्षण. आणि चार्टवरची माणसं पे-रोलमध्ये सापडायला हवीत बरं का. पाच जण दाखवले आणि पगारपत्रकात दोघंच, असं करू नका.

स्पेशालिस्टचं अजून नाजूक. "जावामध्ये दहा वर्षं अनुभव" हे खास ज्ञान नाही, असे लोक तिकडेही भरपूर मिळतात आणि ऑफिसरला ते माहीत आहे. तुमच्याच कंपनीत बनलेलं मशीन, तुमचीच बिलिंग सिस्टिम, तुमची स्वतःची टेस्टिंगची पद्धत जी बाहेर कुठे शिकायला मिळत नाही, हे खास. मग सांगायचं की हे ज्ञान यायला किती महिने लागतात, कंपनीत किती जणांकडे आहे, यानेच ते कसं उभं केलं, तिकडच्या नवीन माणसाला शिकवायचं ठरवलं तर किती वेळ जाईल. इनहाऊस ट्रेनिंगची रेकॉर्डं, याने लिहिलेली मॅन्युअल, पेटंट असेल तर ते, प्रोजेक्टच्या मेल, जे मिळेल ते.

आणि अमेरिकेपुरता एक खड्डा: एल-१बी वाला माणूस क्लायंटच्या जागी बसवायचा असेल तर २००४ चा एल-१ रिफॉर्मचा कायदा आठवा. मुख्यतः क्लायंटच्याच हुकमाखाली काम करणार असेल, किंवा नुसता मनुष्यबळ पुरवल्यासारखा प्रकार असेल, तर एल-१बी मिळत नाही. आयटी सर्व्हिसेसवाल्यांना हे पाठ असतं, बाकीच्यांना नसतं.

चौथी पायरी: तिकडे ऑफिसच नवीन असेल तर

मग सगळं कडक होतं. अमेरिकेत नवीन ऑफिससाठी पहिलं परमिट एकाच वर्षाचं, एरवी तीन. जागा आधी घेतलेली हवी, लीज जोडायचं, पैसा कुठून येणार ते दाखवायचं, आणि वर्षभरात ते ऑफिस एका खऱ्या मॅनेजरला पोसण्याइतकं मोठं होईल हे बिझनेस प्लॅनमधून पटवायचं. कॅनडातही नव्या ऑफिसला सुरुवातीला एकच वर्ष. ब्रिटनमध्ये याला वेगळाच रूट आहे, यूके एक्स्पान्शन वर्कर, १२ महिने आणि मग वाढवून एकूण जास्तीत जास्त दोन वर्षं.

बिझनेस प्लॅनमध्ये स्वप्नं रंगवू नका एवढंच सांगेन. वर्षाने मुदतवाढीला जाल तेव्हा तोच प्लॅन समोर ठेवून विचारतात, बारा माणसं घेणार होतात, किती घेतली? पाच लिहून पाच घेतलेली कधीही बरी. युरोपच्या डायरेक्टिव्हमध्ये तर सरळ आहे, तिकडची कंपनी मुळात माणसं आत आणायलाच उभी केली असं दिसलं तर अर्ज फेटाळायचा.

पाचवी पायरी: पगार, करार, टॅक्स

पगाराचा किमान आकडा असतो किंवा स्थानिक माणसाच्या तोडीचा पगार अशी अट असते. ब्रिटनमध्ये २२ जुलै २०२५ पासून वर्षाला ५२,५०० पौंड किंवा त्या कामाचा ठरलेला दर, जे जास्त असेल ते. युरोपात तशाच पदावरच्या स्थानिकापेक्षा कमी द्यायचा नाही. जपानमध्येही जपानी माणसाइतका. त्यामुळे "पगार इकडचाच, वर थोडा रोजचा भत्ता" ही जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी बसत नाही. कुठला भत्ता पगारात धरतात कुठला नाही हे त्या देशाच्या नियमात शोधून मगच ऑफर आकडा टाइप करा.

असाइनमेंट लेटर म्हणजे बदलीचं पत्र, त्यात पद, जागा, मुदत, पगार कोण देणार, कुणाला रिपोर्ट करणार आणि संपल्यावर परत कुठल्या जागेवर येणार हे सगळं हवं. युरोपात तो माणूस कागदोपत्री इकडच्याच कंपनीचा राहतो, इकडचं कॉन्ट्रॅक्ट चालू ठेवून तो जातो, आणि शेवटी परत येऊ शकेल हे दाखवावं लागतं. इकडे राजीनामा घेऊन तिकडे नवीन अपॉइंटमेंट दिली की फाइलच कोसळते.

टॅक्सवाल्यांना आत्ता बोलवा, विमान उडाल्यावर नको. १८३ दिवसांचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो पण अर्धाच. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नमुना टॅक्स कराराच्या १५ व्या कलमात तीन अटी एकत्र आहेत: बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त नाही, पगार देणारा तिकडचा रहिवासी नाही, आणि पगाराचा खर्च तिकडच्या ब्रांचच्या माथी नाही. बदलीवर गेलेल्याचा खर्च बहुतेक वेळा तिकडची कंपनीच उचलते, म्हणजे दुसरी किंवा तिसरी अट गेली आणि टॅक्स पहिल्या दिवसापासून. सोशल सिक्युरिटीचंही, म्हणजे पेन्शन-विम्यासाठी पगारातून कापतात त्या वर्गणीचंही, तसंच, दोन देशांत करार असेल तर इकडचं भरतोय असं कव्हरेजचं सर्टिफिकेट काढून तिकडचं वाचवता येतं. युरोपियन युनियनच्या आतल्या आत त्याला ए१ म्हणतात, पाठवलेल्या माणसाला २४ महिन्यांपर्यंत, आणि अमेरिकेच्या करारांत साधारण पाच वर्षं. करार नसेल तर दोन्हीकडे भरा, दुसरं काय.

सहावी पायरी: अर्ज कुठल्या क्रमाने

क्रम चुकला की महिना गेला. अमेरिका: तिकडची कंपनी यूएससीआयएसकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१२९ फॉर्म एल सप्लिमेंटसकट भरते, मंजुरी आली की माणूस डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म भरून कॉन्सुलेटला इंटरव्ह्यूला जातो. घाई असेल तर प्रीमियम प्रोसेसिंग, जादा फी देऊन १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं, पण ते उत्तर "अजून कागद द्या" असंही असू शकतं. मोठ्या कंपन्या ब्लँकेट एल घेऊन ठेवतात, म्हणजे कंपन्यांचं नातं एकदाच मंजूर, मग प्रत्येक माणूस आय-१२९एस घेऊन थेट कॉन्सुलेटला. त्यासाठी अमेरिकेतलं ऑफिस किमान वर्षभर चालू हवं, कंपनीच्या एकूण तीन किंवा जास्त शाखा-सबसिडऱ्या हव्यात, आणि मागच्या वर्षात दहा एल मंजुऱ्या, किंवा तिकडची २५ मिलियन डॉलरची विक्री, किंवा तिकडे एक हजार कर्मचारी यातलं एक हवं.

कॅनडा: तिकडची कंपनी एम्प्लॉयर पोर्टलवर ऑफर टाकते, २३० कॅनेडियन डॉलर भरते, मग त्या ऑफरचा नंबर घेऊन माणूस वर्क परमिट मागतो. ब्रिटन: आधी कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, मग त्या माणसाचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, आणि ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज. लायसन्सच नसेल तर त्याचे महिने वेगळे धरा. जपान: तिकडे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढतात, इकडे व्हिसा, आणि सर्टिफिकेटच्या तारखेपासून तीन महिन्यांत देशात शिरायचं. युरोप: अर्ज करताना माणूस युनियनच्या बाहेर पाहिजे, आधी टुरिस्ट म्हणून जाऊन तिथून भरू असं चालत नाही. निर्णयाला ९० दिवसांपर्यंत. एकापेक्षा जास्त देशांत काम असेल तर अर्ज सर्वात जास्त मुक्काम असलेल्या देशात करा, मग बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत छोट्या मुदतीची सोय आहे, काही देश त्यासाठीही आधी कळवायला लावतात.

डिग्री, लग्नाचं आणि मुलांच्या जन्माचं सर्टिफिकेट यावर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागेल का हे आजच बघा. देश १९६१ च्या हेग कराराचा सदस्य असेल तर एक शिक्का पुरतो, नसेल तर वकिलातीच्या फेऱ्या. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या करारात आलेत, त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या याद्या बघून दोनदा शिक्के मारत बसू नका. भाषांतर त्या देशाला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच.

इंटरव्ह्यूची तयारी म्हणून उत्तरं पाठ करून घेऊ नका, घाणच होते. माणसाला फक्त स्वतःची फाइल वाचायला लावा, निदान पत्र आणि ऑर्ग चार्ट. आमचा एक जण, उत्तम इंजिनियर, खरोखरच ते मशीन उभं केलेला, काउंटरवर नम्रपणे म्हणाला की "छे, असं खास काही नाही, टीममधले सगळेच हे काम करतात." अर्जात चाळीस पानं तो एकटाच कसा हे लिहिलेलं. गेला व्हिसा. सभ्यपणा घरी ठेवून जा म्हणून सांगते मी आता सगळ्यांना.

सातवी पायरी: जादा पुरावे मागितले तर

घाबरायचं नाही, पण उत्तर एकदाच द्यायचं असतं, त्यामुळे हप्त्याहप्त्याने नको. अमेरिकेत मुदत जास्तीत जास्त १२ आठवडे आणि ती वाढवून मिळत नाही. पत्रातला प्रत्येक मुद्दा वेगळा काढून त्याच्यापुढे कुठला कागद ते लिहा, आणि आधी दिलेलंच पुन्हा जाड अक्षरात पाठवू नका. शंका कामाबद्दल असेल तर नवीन काहीतरी द्या: सहकाऱ्यांची पत्रं, सह्या असलेले निर्णय, नावं झाकून परफॉर्मन्स रिव्ह्यू. पण एक जपा, आता जे लिहाल ते आधीच्या अर्जाला छेद देणारं नको, पहिल्यांदा ३० टक्के लिहिलेलं काम दुसऱ्यांदा ७० टक्के झालं की विश्वासच उडतो.

घरच्यांचं

बदली फसते ती बरेचदा घरामुळे. अमेरिकेत एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, गेलेल्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या वर्क परमिटची वाट न बघता काम करता येतं, आय-९४ वर, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीवर, एल-२एस लिहिलेलं हवं फक्त. मुलांना सोबत नेता येतं, पण ती २१ ची होईपर्यंत आणि लग्न झालेलं नसेल तर. युरोपच्या डायरेक्टिव्हमध्ये आणि ब्रिटनमध्येही जोडीदाराला काम करता येतं. पण हे सगळीकडे नाही, सिंगापूरला कंपनीअंतर्गत बदलीवर गेलेल्याला कुटुंब नेण्याची सोय ट्रेड करारात असेल तरच मिळते. हे ऑफर लेटरच्या आधी जोडीदाराच्या कानावर घाला, आई-वडील सोबत न्यायचे असतील तर ते या परमिटवर साधारणपणे जात नाहीत हेही.

पोचल्यावर, आणि घड्याळ

पहिल्या आठवड्यातच: अमेरिकेत आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख आणि वर्ग तपासा, चुकीचा वर्ग छापलेला असतो कधीकधी. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत, जपानमध्ये पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत. ब्रिटनमध्ये पगार, पद, जागा बदलली किंवा माणूस आलाच नाही तर स्पॉन्सरने १० कामकाजाच्या दिवसांत कळवायचं असतं, आणि हे कुणाचं काम आहे ते नाव घालून ठरवा, नाहीतर कुणीच करत नाही.

बढतीपासूनही सावध. स्पेशालिस्ट तिकडे जाऊन मॅनेजर झाला, सगळ्यांनी केक खाल्ला, एचआरला वर्षभराने कळलं. अमेरिकेत एल-१बी वाल्याला ७ वर्षं हवी असतील तर पाच वर्षं संपायच्या आधी निदान सहा महिने तो मॅनेजर म्हणून मंजूर असायला हवा, म्हणजे बदलाचा अर्ज साडेचार वर्षांच्या आधीच मंजूर होऊन हातात पाहिजे.

आणि मुदत संपल्यावरचं आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. अमेरिकेत ७ किंवा ५ वर्षं भरली की पुन्हा एल किंवा एच वर यायला एक वर्ष बाहेर काढावं लागतं, पण मधल्या काळात अमेरिकेबाहेर राहिलेले दिवस परत मागता येतात, त्याला रीकॅप्चर म्हणतात, आणि पुरावा तुम्हीच द्यायचा, बोर्डिंग पास, शिक्के. ब्रिटनमध्ये या रूटवर सहा वर्षांत मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, मोठ्या पगाराला दहात नऊ. युरोपात तीन वर्षांनंतर पुन्हा अर्ज करायच्या आधी सहा महिन्यांपर्यंतचं अंतर देश ठेवू शकतो, जर्मनीत ते सहा महिने आहे. मुदत संपायच्या वर्षभर आधी त्या माणसाला फोन करून विचारा, परत येणार की वेगळ्या व्हिसावर जाणार, कारण त्याच्या जागी पाठवायच्या पुढच्या माणसाचे दिवस मोजायला तुम्हाला तेव्हाच बसायचंय.